वूफर आहे हे कळता कामा नये

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा दादा माझी भिंत मोजत होता.

माझी म्हणजे तशी बाबांचीच. पण त्या भिंतीला लागून माझं टेबल होतं, वर फळ्यांवर माझे स्पीकर, ढोलाचा खोल आवाज काढणारे वूफर, अ‍ॅम्प्लिफायर, आणि खिळ्यांना टांगलेली तारांची भेंडोळी. दादाला तिथे सीट कव्हरचे रोल उभे करायचे होते. गाणी हल्ली गाडीसोबत कंपनीतूनच येतात, तुझ्या वूफरच्या मागे कोण लागतंय, असं त्याचं म्हणणं. बाबांनी दोघांची भांडणं ऐकून ऐकून शेवटी निकाल दिला होता. मोटारींच्या ध्वनी-स्पर्धेत माझी गाडी पहिल्या तिनात आली तर भिंत माझी. नाही आली तर दादाची, आणि मग पुन्हा कुरकुर चालणार नाही. स्पर्धा अजून व्हायची होती आणि हा आत्ताच टेप लावून मापं घेत होता. मी दातओठ खात तारा सोलत होते.

"वूफर मिळेल?" दारातून आवाज आला.

"बाहेर काय भाजीची पाटी आहे?" मी मान वर न करता म्हणाले.

"नाही, म्हणजे... वूफर हवाय. पण आहे हे कळता कामा नये."

आता मात्र मी वर बघितलं. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कप्प्याकप्प्यांची बॅग. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण याच्या बरोबर उलटं मागतो. डिकीचं झाकण थरथरलं पाहिजे, चार घरं सोडून कुत्रं भुंकलं पाहिजे, तेव्हा कुठे त्याला बरं वाटतं.

"लपवायचाय? घरी कोण ओरडतं?"

"घरी आई आहे. पण ती ओरडत नाही." त्याने बॅग सावरली. "ऐकू यायला हवा हो. फक्त डिकीतून ऐकू यायला नको. ढोल गाणाऱ्याच्या शेजारी वाजला पाहिजे, समोर. माझ्या पाठीत नको."

दादाच्या हातातली टेप सुटली आणि खर्रकन आत गेली. मी पक्कड खाली ठेवली. इतकी वर्षं मी हेच सगळ्यांना समजावत आले होते आणि सगळे माझ्याकडे खुळ्यासारखं बघत आले होते. आज पहिल्यांदा एक माणूस तेच मागत माझ्या दारात उभा होता.

तो कानाची मशीन बसवायचा. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचा, त्यांच्याशी हळू बोलून, मग मोठ्याने बोलून, मशीन जुळवून द्यायचा. बाबा म्हणाले, "म्हणजे डॉक्टर!" तो म्हणाला, "नाही काका, डॉक्टर वेगळे. मी नुसतं मशीन जुळवतो." बाबा त्या दिवसापासून त्याला डॉक्टरच म्हणतात. मी त्याला 'कानवाले' म्हणायला लागले, आधी मनात आणि मग तोंडावर.

"हा मोठा कसा आहे?" त्याने फळीवरच्या सगळ्यात थोराड वूफरवर बोट ठेवलं.

"दिसायला. तुमच्या चिमुकल्या गाडीत हा बसला तर तुम्हाला बाहेर उभं राहावं लागेल. दम असायला आकार मोठा लागतो असं कुणी सांगितलं? माझ्याकडे बघा."

"बघतोय," तो म्हणाला.

म्हणाला आणि त्याचे स्वतःचेच कान लाल झाले. मी वळून दहा इंची वूफर काढला, उगाचच फडक्याने पुसला.

"हा बंद पेटीत बसवू. भोकाची पेटी आवाज वाढवते, पण ठोका संपला तरी घुमत राहते. बंद पेटी नेमकी. वाजायचं तेव्हा वाजते, थांबायचं तेव्हा थांबते."

"माणसांना जमत नाही तेवढं. आणि अ‍ॅम्प? या खोक्यावर दोन हजार वॉट लिहिलंय."

"खोक्यावर काय, काहीही लिहितात. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. तो आकडा एका क्षणाचा असतो. सलग किती देतो ते इथे खाली, बारीक अक्षरात."

त्याने वाकून बारीक अक्षर वाचलं. आमची डोकी जवळजवळ टेकली.

"म्हणजे सलग जे टिकतं, तेच खरं?"

"अ‍ॅम्पच्या बाबतीत."

"फक्त अ‍ॅम्पच्या?"

मी टेबलाखाली न पडलेला स्क्रू शोधत बसले.

वूफर बसला, अ‍ॅम्प बसला, आणि मग त्याच्या गाडीला दर आठवड्याला काहीतरी व्हायला लागलं. डावीकडे जरा जड वाटतंय. पुलावरून जाताना बारीक खरखर येते. दादा एकदा म्हणाला, "याची गाडी बरी सारखी आजारी पडते! डॉक्टरचीच गाडी ना?" मी दादाला फडकं फेकून मारलं. पण खरं सांगायचं तर ज्या आठवड्यात खरखर यायची नाही, त्या आठवड्यात माझाच जीव लागायचा नाही.

त्यातून मला एक कल्पना सुचली. स्पर्धेसाठी मी बाबांची जुनी गाडी तयार करत होते. स्वतःच्या कामाला स्वतःचे कान फितूर होतात. आपण केलंय म्हणून ते चांगलंच ऐकतात. मला दुसरे कान हवे होते, आणि याच्यासारखे कान कुठे मिळणार? स्पर्धेचं मात्र मी बोलले नाही. काम फत्ते होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही, हा माझा हट्ट. नुसतंच म्हणाले, "बाबांच्या गाडीत थोडं काहीतरी केलंय. ऐकता का जरा?"

तो चालकाच्या जागी बसायचा, मी शेजारी. काचा बंद. तो डोळे मिटायचा आणि मी गाणं लावायचे. बेस, म्हणजे तो खालचा घुमता आवाज, मागून आला की त्याच्या दोन भुवयांच्या मध्ये एक आठी पडायची, बारीक, उभी. मी ती आठी वाचायला शिकले. आठी पडली की मी गेन, म्हणजे वूफरचा जोर, अर्धा दाणा कमी करायचे, त्याचा आवाज पोचायची वेळ किंचित मागे-पुढे सरकवायचे, आणि पुन्हा लावायचे. एका दुपारी आठी पडलीच नाही. त्याने डोळे न उघडताच हात पुढे केला आणि डॅशबोर्डच्या मधोमध बोट ठेवलं.

"ढोल इथे आहे," तो कुजबुजला. "गाणारी इथे. आणि ती... श्वास घेतेय."

मीही श्वास घेतला. तेवढ्यात पावसाची सर आली आणि टपावर ताडताड वाजायला लागली. आता काही ऐकण्यात अर्थ नव्हता. मी गाणं बंद केलं. आम्ही तसेच बसून राहिलो. काचांवर वाफ धरली. त्याचा हात अजून डॅशबोर्डवर होता, माझा गेनच्या चिमुकल्या स्क्रू-ड्रायव्हरवर.

"पुढच्या रविवारी मी येणार नाही," तो एकदम म्हणाला.

पुढचा रविवार म्हणजे स्पर्धा. मीसुद्धा दुकानात नसणारच होते. तरी मी विचारलं.

"का?"

"एक काम आहे."

"कुठे?"

"ते... सांगता येणार नाही."

"कुणाला भेटायचंय?"

तो गडबडला. "बऱ्याच जणांना, खरं तर."

"भेटा की," मी दार उघडत म्हणाले. "मला कुठे ऐकायचंय?" आणि भर पावसात उतरून दुकानात गेले. मागून त्याने हाक मारली असावी, पण पावसाने ती ऐकू दिली नाही.

स्पर्धेच्या सकाळी गाणं लावायचं नाही, हा बाबांचा जुना नियम. कान ताजे राहिले पाहिजेत. म्हणून मी गाडी मैदानापर्यंत मुक्यानेच चालवत नेली. शेजारी बाबा, मागे दादा बसला होता. आदल्या संध्याकाळी त्याने गाडी आतून-बाहेरून धुऊन, पुसून आरशासारखी केली होती. मी विचारलं, "तुला भिंत हवीय ना? मग कशाला एवढं?" तर म्हणाला, "भिंत हवीय गं छोटे. पण तू घाणेरड्या गाडीने हरलीस असं कुणी म्हणायला नको."

मैदानात गाड्या ओळीने लागल्या होत्या. गाड्यांवर नुसते आकडे, नावं नाहीत. परीक्षक कोण हेही त्या दिवसापर्यंत गुपित. मुख्य परीक्षक म्हणून एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, जन्मभर गाणं शिकवलेल्या. जास्त बेस लागला की त्या गाडीतून उतरून कपाळ चोळतात, अशी त्यांची ख्याती होती. नियम साधा. परीक्षक चालकाच्या जागी, स्पर्धक शेजारी, दोघांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. सुरू झाल्यावर कशालाही हात लावायचा नाही.

आमची पाळी आली. मी शेजारच्या जागी बसले, हात मांडीवर घट्ट. पलीकडचं दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट आत आला, गळ्यात परीक्षकाचं ओळखपत्र.

त्याने मला बघितलं. मी त्याला.

दार बंद झालं होतं. बोलायची मनाई होती. 'बऱ्याच जणांना भेटायचंय'चा अर्थ मला तेव्हा उमगला, आणि त्याबरोबर सगळा राग पायापासून डोक्यापर्यंत चढला. हा परीक्षक! माझ्या गाडीत बसून, डोळे मिटून... आणि मी वेडी याला कान समजत होते. उद्या जिंकले तर लोक काय म्हणतील? हरले तर मी काय म्हणेन? त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बोट बटणाकडे गेलं, थबकलं. मग त्याने डोळे मिटले आणि गाणं लावलं.

पहिला ठोका पडला.

बेस मागून येत होता. मागून आणि पोकळ. गाणारीच्या आवाजाखालची जमीन कुणीतरी काढून घेतली होती. वूफर आणि पुढचे स्पीकर एकमेकांना रेटत होते, एक पुढे तर दुसरा मागे, आणि मधल्यामध्ये ढोल नाहीसा होत होता. वूफरची तार उलटी लागली की असं होतं, प्लसच्या जागी मायनस. मला ते दोन ठोक्यांत कळलं. पण माझी तार उलटी कशी असेल? मी स्वतः लावली होती!

हात लावायची सोय नव्हती. मी त्याच्याकडे बघितलं. दोन भुवयांच्या मध्ये आठी पडली होती, बारीक, उभी.

गाणं चालू होतं. त्याने डोळे उघडले, मांडीवरचा कागद घेतला, पेन उचललं. पेन कागदावर टेकलं... आणि तिथेच राहिलं. तो आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. माझी भिंत, माझ्या फळ्या, माझं टेबल, सगळं त्या पेनाच्या टोकावर आलं होतं. मग त्याने पेन बंद केलं, गाणं बंद केलं आणि दार उघडून बाहेर गेला.

"बाई," तो म्हणाला, "मला या गाडीला गुण देता येणार नाहीत."

मीही उतरले.

"का?" बाई चष्म्यावरून म्हणाल्या. "ऐकू येत नाही?"

"ऐकू येतंय. पण या गाडीत मी आधी बसलोय, मत दिलंय. ती स्पर्धेची आहे हे मला माहीत नव्हतं."

"मग दार उघडल्याबरोबर सांगायचं. बसल्यावर नाही."

"चुकलं. वाटलं, कान वेगळे आणि... बाकीचं वेगळं ठेवता येईल."

"बाकीचं म्हणजे? स्पर्धकाशी नातं काय तुमचं?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. कान लालबुंद.

"नातं... अजून नाही."

कुणीतरी शिट्टी मारली. बाबांना ठसका लागला. दादा त्यांच्या पाठीवर थोपटायचं सोडून माझ्याकडे आ वासून बघत होता. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"बसायला नको होता तो माणूस बसला, म्हणजे परीक्षा झालीच नाही," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "ही गाडी शेवटी. मी स्वतः ऐकेन." मग माझ्याकडे वळल्या. "तुझा चेहरा का पडलाय? तो काही बोलला का आत?"

"नाही बाई. बिघाड आहे. मला ऐकू आला."

"कुठे? उघडू नकोस. आधी सांग."

"वूफरची तार. प्लस-मायनस उलटे लागलेत."

"उघड."

मी डिकी उघडली. दोन्ही तारांवर मी सारखंच काळं आवरण चढवलं होतं. डिकी देखणी दिसावी म्हणून! प्लसवर खूण म्हणून एक करडा दोरा, आणि तो दोरा चुकीच्या बाजूला होता. बाईंनी बघितलं, "कर सरळ" म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.

"छोटे..." मागून दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "डिकी झाडायला मी पेटी बाहेर काढली होती. दोन्ही तारा काळ्याच होत्या गं. मी मुद्दाम नाही..."

"गप," मी म्हणाले. "तू मुद्दाम करशील असं माझ्या स्वप्नातसुद्धा येणार नाही. दोन्ही तारा काळ्या करायची अक्कल माझीच." मी तारा बदलल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दादाच्या बाहीला पुसलं. मग तरातरा मैदानाच्या टोकाला गेले. तो तिथे पाठमोरा उभा होता.

"तार उलटी आहे हे ऐकलंत आणि दया आली. म्हणून उठलात ना?"

तो वळला. "दया आली असती तर गुण लिहून मोकळा झालो असतो. कुणाला कळलं असतं?"

"मग?"

"मी ऐकलं चार. दहापैकी चार, अगदी स्वच्छ. आणि हात सात लिहायला निघाला." त्याने तो हात पुढे धरला, पुरावा दाखवावा तसा. "माझ्या कानाने आणि हाताने आजवर कधी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. तेव्हा मला कळलं. म्हणजे होतंच... पण तेव्हा आकडाच दिसला."

माझा राग विरघळत होता, आणि मला तो इतक्यात सोडायचा नव्हता.

"चार?" मी म्हणाले. "पाच तरी होते."

"चार. पाठीत वाजत होता."

त्याने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू फुटलं. हा माणूस माझ्यासाठी सगळ्या मैदानासमोर उभा राहील, पण चाराचे पाच करणार नाही. मला नेमकं हेच आवडलं होतं, त्या पहिल्या दिवसापासून.

"स्पर्धेचं सांगायला हवं होतं मला," मी म्हणाले.

"आणि मला काहीच सांगता येत नव्हतं. त्या पावसात जीभ चावून चावून..."

"गाडी शेवटची!" कुणीतरी ओरडलं, आणि मी पळाले.

बाई आत बसल्या. मी शेजारी. त्यांनी गाणं लावलं आणि डोळे मिटले. पहिला ठोका पडला, समोर, डॅशबोर्डच्या मधोमध. मी नखं तळहातात रुतवून बसले. गाणं संपलं. त्यांनी पुन्हा लावलं. मग वाकून पायांजवळ बघितलं. पेनाच्या टोकाने डॅशबोर्डवर टकटक केलं. स्पर्धेत असं कुणी करत नाही. शेवटी त्यांनी स्वतःचाच नियम मोडला.

"वूफर कुठे बसवलायस?"

"डिकीत, बाई."

त्यांनी मान वळवून मागे बघितलं. मग पुन्हा समोर. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या. कपाळ मात्र चोळलं नाही.

आम्ही तिसरे आलो. पहिले दोघे माझ्यापेक्षा खरंच चांगले होते, मी जाऊन ऐकून आले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. दादाने खिशातून ती टेप काढली आणि माझ्या हातात दिली.

"घे. फळ्या वाढवशील तर माप लागेल." मग मैदानाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "बाबा आणि मी रिक्षाने जातो. तुझी गाडी आजारी पडायची असेल आता."

ते गेले. मैदान रिकामं होत चाललं. तो चालत आला आणि सवयीने चालकाच्या दाराशी गेला.

"तिकडे नाही," मी म्हणाले. "तू शेजारी बस."

'तू' ऐकून तो क्षणभर थांबला. मग निमूटपणे वळसा घालून शेजारी बसला. मी काचा बंद केल्या आणि तेच गाणं लावलं. ढोल समोर वाजायला लागला. मी त्याच्या कपाळाकडे बघितलं. आठी नव्हती.

"आता किती देशील?"

"मला विचारू नकोस. मी बाद झालोय."

"किती दिवसांसाठी?"

"या गाडीपुरता तरी... कायमचा." त्याचा हात गेनच्या स्क्रू-ड्रायव्हरकडे आला, आणि स्क्रू-ड्रायव्हर सोडून माझ्या हातावर थांबला. "चालेल?"

मी गाडी सुरू केली. एका हाताने चालवायचं म्हणजे गिअर टाकताना पंचाईत होणार होती, पण हात काही सोडला नाही.

"पुढच्या वर्षी बाई पुन्हा विचारतील, नातं काय," मी म्हणाले. "तेव्हा 'अजून नाही' म्हणालास, तर बघ."